नाकाला रुमाल, हात मात्र उघडेच

माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी ज्या हातांनी भरली, ते हात मी नीट पाहिले ते वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. मामूंचे हात. मिरजेत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. बोटांच्या बेचक्यांत चिरा, मनगटावर लालसर चट्टे, नखांच्या कडेला सिल्व्हर रंगाची कधीच न निघणारी रेघ. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, पेंटरचे हात असेच असतात. घरात कुणी त्याला आजार म्हटलं नाही. खाज वाढली की मेडिकलमधून ट्यूब यायची, ती संपली की दुसरी.

मग खोकला सुरू झाला. दिवसा फारसा नाही, रात्री. दोन-अडीचला मामू उठून बसायचे, खिडकीशी जाऊन श्वास ओढायचे. मामूंनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही आणि आमच्या घरात दमा कुणालाच नाही. डॉक्टरांनी पंप दिला आणि सांगितलं, धुळीचं काम आहे, मास्क लावत जा. मी पुण्याहून चांगला फिल्टरवाला मास्क पाठवला. मामूंनी तो इमानदारीने लावला. खोकला थांबला नाही.

गेल्या रमजान ईदला मामू आमच्याकडे सहा दिवस राहिले आणि सहाही रात्री गाढ झोपले. परत गेल्यावर कामाच्या दुसऱ्याच रात्री मामींचा फोन आला. माझं काम दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. त्या कामाने मला एक गोष्ट शिकवली आहे. चूक जिथे दिसते तिथे ती असतेच असं नाही. स्क्रीनवर एक पान बंद पडतं आणि दोष निघतो तीन फायली मागे, जिकडे कुणी बघतच नव्हतं. मामूंच्या बाबतीत आम्ही सगळे छातीकडे बघत होतो. हातांकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

त्या छोट्या डब्यात काय आहे

आज गाडीवर जो आरशासारखा चकचकीत थर दिसतो, तो बहुतेक वेळा दोन डब्यांचा असतो. पेंटर त्याला 'टू-के' म्हणतात. मोठ्या डब्यात क्लिअर कोट, छोट्या डब्यात हार्डनर. दोन्ही मापात मिसळले की रसायनं एकमेकांना धरतात आणि थर कडक होतो. ही धरण्याची ताकद हार्डनरमधल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनाची. गाड्यांच्या रंगात ते बहुधा एचडीआय या प्रकारापासून बनवलेलं असतं. गादी-सोफ्याचा फोम बनवताना त्याचा भाऊबंद टीडीआय वापरतात. इन्सुलेशनचा कडक फोम आणि काही गोंद यांत एमडीआय असतं. लाकडी फर्निचरच्या दोन डब्यांच्या पीयू पॉलिशमध्येही हेच कुळ.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट. तो याच कुळातला, पण जातीने वेगळा. त्याने एका रात्रीत माणसं मारली. गॅरेजमधलं रसायन तसं करत नाही. ते वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगाला लागत राहतं आणि शरीराला एक चुकीचा धडा शिकवतं.

हा धडा कसा शिकवला जातो, ते समजून घेण्यासारखं आहे. आयसोसायनेटचा रेणू लहान आणि फार चिकट. तो कातडीवर पडला की कातडीतल्या प्रथिनांना चिकटून बसतो. मग ते प्रथिन शरीराला आपलं वाटेनासं होतं. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या हा अनोळखी तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिका गाठीत नेऊन दाखवतात. तिथे त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या पेशी तयार होतात आणि त्यांना तो कायमचा लक्षात राहतो. या पेशी हातापुरत्या राहत नाहीत. त्या रक्तातून सगळ्या अंगात फिरतात, फुप्फुसातही पोचतात. पुढे कधीतरी त्याच रसायनाचा बारीक फवारा श्वासातून आत गेला की श्वासनलिकेत लढाई सुरू होते. नळ्या सुजतात, आवळतात, छातीतून शिट्टी वाजते. पुष्कळदा हा झटका काम चालू असताना येत नाही, काही तासांनी येतो. म्हणून पेंटर म्हणतो, काम करताना मला काहीच होत नाही, त्रास रात्रीचा होतो.

आणि एकदा ही ॲलर्जी बसली की प्रमाणाला अर्थ उरत नाही. शेजारच्या माणसाला ज्याचा पत्ताही लागत नाही, तेवढ्यानेही याचा श्वास अडकतो.

कातडी म्हणजे नुसतं कव्हर नाही

श्वासाचा आजार कातडीतून येतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. पण हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. 1981 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गिनीपिगच्या कातडीवर टीडीआय लावलं. नंतर त्यांना तेच रसायन हवेतून दिलं, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या श्वासावर ॲलर्जीचा परिणाम दिसला. पुढे उंदरांवर, इतर आयसोसायनेट घेऊन, असे प्रयोग पुन्हा पुन्हा झाले. 2007 मध्ये या सगळ्या पुराव्याचा आढावा घेणारा एक मोठा लेख प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं असं की माणसांतही कातडीची वाट खरी असण्याची दाट शक्यता आहे आणि दमा टाळायचा तर कामगाराची कातडीही झाकली पाहिजे.

कातडीतून शिरलेली ॲलर्जी दुसरीकडे उठल्याची उदाहरणं माणसांतही आहेत. जपानमध्ये चेहरा धुण्याचा एक साबण खूप खपायचा. त्यात गव्हाचं प्रथिन बारीक करून घातलेलं होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गहू खाल्ल्यावर ॲलर्जी येऊ लागली. काहींच्या जिवावर बेतलं. आयुष्यभर गहू खाणाऱ्यांना तो अचानक नकोसा झाला, कारण शरीराने त्याची ओळख कातडीवरून करून घेतली होती. 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत मागवावा लागला. दवाखान्यातल्या लेटेक्स हातमोज्यांचीही अशीच गोष्ट. पावडर लावलेले मोजे घालणाऱ्या कित्येक नर्सना हाताला खाज आणि पुढे पावडर हवेत उडाली की दमा, असं होऊ लागलं. अमेरिकेने 2017 पासून पावडरवाल्या मोज्यांवर बंदी घातली.

मामूंना ॲलर्जी हातातून बसली की नाकातून, हे आज कुठलीही चाचणी सांगणार नाही. बावीस वर्षांत दोन्ही वाटा उघड्या होत्या. माझं म्हणणं इतकंच आहे की एका वाटेवर आम्ही निदान रुमाल तरी बांधला. दुसरीकडे कुणी पाहिलंच नाही.

छोटूचे हात

हे वाचल्यावर मी एक रविवार मामूंच्या ओळखीच्या दोन-तीन गॅरेजमध्ये बसून काढला. स्प्रे मारणारा उस्ताद तोंडावर काहीतरी बांधतो. पण हार्डनर ओततो कोण? पंधरा-सोळा वर्षांचा छोटू. डब्याच्या कडेने ओघळलेला थेंब बोटाने पुसतो कोण? छोटू. काम झाल्यावर स्प्रे गन खोलून तिचे भाग थिनरच्या डब्यात उघड्या हाताने धुतो, तोही छोटूच. दुसऱ्या दिवशी वरवर सुकलेल्या रंगावर पाण्याचा पेपर घासतो, तोही तोच. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे आतली रसायनं संपली असं नसतं. कित्येक तास, कधी कधी दिवसही, त्यात मोकळं आयसोसायनेट शिल्लक असतं. या पोराला मास्कही नसतो, कारण सगळ्यांच्या मते तो स्प्रे मारतच नाही, मग त्याला धोका कसला!

मी मामूंना मोज्यांबद्दल विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "हातां को क्या होता रे? हातां तो धो लेते."

कशाने धुतात? थिनरने. खरी मेख इथेच आहे. थिनर कातडीचं तेल काढून टाकतं. तेल गेलं की कातडीचा बांध फुटतो, आणि जे वर होतं त्याला आत जायला सोपं होतं. आपल्या पोरांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते, आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या लेखात वाचलेली नाही. वजूसाठी पाणी कातडीला लागलं पाहिजे, रंगाचा थर मध्ये नको. म्हणून जोहरच्या अजानला पेंटर पोरं थिनरचा बोळा घेऊन कोपरापर्यंत हात खसाखसा घासतात. अस्रला पुन्हा. नमाज पाबंदीने पढणारा पोरगा दिवसातून दोन-तीनदा आपली कातडी थिनरने सोलून काढतो. ही त्याची चूक नाही. त्याला कुणी दुसरी वाट दाखवलीच नाही. मोजे घातले तर हाताला रंगच लागणार नाही, साधं पाणी पुरेल. आणि चुकून एखादा हट्टी डाग राहिलाच, तर त्यासाठी शरीराला इजा करून घ्यायची का, हे मोहल्ल्यातल्या जाणत्या मौलानांना विचारा. जुम्ब्याच्या बयानात त्यांनी याबद्दल दोन वाक्यं सांगितली, तर माझ्या या लेखापेक्षा त्यांचा परिणाम मोठा होईल.

माझा सत्कार आणि तिसऱ्या रांगेतले मामू

आता थोडं आपल्याबद्दल. मला नोकरी लागली तेव्हा मोहल्ल्यात सत्कार झाला होता. शाल, गुलदस्ता, भाषणं. एका वक्त्याने माझ्याकडे बोट दाखवून पोरांना सांगितलं, "असे बना. गॅरेजमध्ये पंक्चर काढत आणि रंग मारत आयुष्य घालवू नका." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मामू तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनीही वाजवल्या.

ते भाषण आठवलं की आता मान खाली जाते. शिका हे सांगणं बरोबरच आहे, त्यावर वाद नाही. पण आपण शिकलेल्या लोकांनी गॅरेज हा शब्द फक्त अपयशाचं उदाहरण म्हणून वापरला. जी पोरं आज तिथे आहेत, जी उद्याही असणार आहेत, त्यांच्या फुप्फुसांचं काय, हा प्रश्न आपल्या एकाही कार्यक्रमात आला नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिलं की मुस्लिम कामगारांत स्वतःचा छोटा धंदा आणि असंघटित काम यांचं प्रमाण मोठं आहे. आपण त्या अहवालातले शिक्षणाचे आणि सरकारी नोकरीचे आकडे पाठ केले. पण असंघटित काम म्हणजे रोज सकाळी कुणाच्या हाताला नेमकं काय लागतं, हे कुणी पाहिलं नाही.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या शेवटी कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. तिच्यात आयसोसायनेटच्या विषबाधेचं नाव होतं. रसायनं आणि रंग लागून होणारा कातडीचा आजारही होता. म्हणजे सरकारला हे माहीत नाही असं नाही. पण तो कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या जागी मुळात किमान दहा कामगार लागायचे. 2020 च्या नव्या संहितेत तो आकडा वीस केला आहे. मामूंच्या गॅरेजात मालक धरून पाच माणसं. हा कायदा त्या गल्लीत शिरतच नाही.

दुसरीकडे बघा. युरोपीय संघात 24 ऑगस्ट 2023 पासून असा नियम आहे की ज्या मालात हे रसायन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आहे, तो धंद्यासाठी वापरण्याआधी माणसाने प्रशिक्षण घेतलं पाहिजे. त्याशिवाय त्या डब्याला हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये पेंटरची लघवी तपासून शरीरात किती रसायन गेलं ते बघतात. या चाचणीत नाकातून गेलेलं आणि कातडीतून गेलेलं, दोन्ही दिसतं. रसायन तेच, काम तेच. आपल्याकडे डब्यावरचा इशारा मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो आणि ओतणारा पोरगा सातवीत शाळा सोडलेला.

हे सगळं सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ शकतो. मागणी जरूर करावी. छोट्या गॅरेजांना लागू होणारा नियम हवा. इशारा मराठी-हिंदी-उर्दूत, चित्रासह हवा. आयटीआयच्या पेंटिंगच्या अभ्यासात हाताची काळजी हवी. पण तोवर छोटू आणखी किती गन धुणार?

उद्यापासून काय करता येईल

पहिली गोष्ट, मोजे. मेडिकलमधले पातळ पांढरे लेटेक्सचे मोजे या कामाला चालत नाहीत, रसायन त्यातून पार होतं. नायट्राइलचे घ्यावेत. ओतण्यापासून गन धुण्यापर्यंत ते हातात असावेत. पातळ नायट्राइलही थिनरपुढे फार वेळ टिकत नाही, म्हणून भिजला की बदलायचा. गन धुण्यासाठी जाड, लांब बाहीचे मोजे वेगळे ठेवावेत. बाह्या मनगटापर्यंत खाली. हाताला थेंब लागलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाणी. थिनर अंगाला लावायचंच नाही. कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत. त्याच कपड्यांत घरी जाऊन लेकराला कडेवर घेऊ नये.

मास्क सोडायचा नाही. मोजे मास्कच्या जागी नाहीत, मास्कच्या जोडीला आहेत. टू-के मारताना खरं संरक्षण बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मास्कचं. रुमालाचा काही उपयोग नाही. फवारा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी हवेत असतो, आणि वास येत नाही म्हणजे रसायन नाही असं समजू नये. गन बंद झाली की लगेच मास्क वर करण्याची सवय सगळ्यांत वाईट. छोटूला स्प्रेच्या वेळी तिथे उभं करू नये.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या कीबोर्डवाल्यांसाठी. पीक फ्लो मीटर नावाची एक प्लॅस्टिकची नळी काही शे रुपयांत मिळते. तिच्यात जोरात फुंकलं की श्वास किती मोकळा आहे ते आकड्यात कळतं. ज्याला खोकला आहे त्याने दिवसातून चार वेळा, सुट्टीचे दिवस धरून साधारण चार आठवडे हे आकडे लिहायचे. मी मामूंचे आकडे फोनवर घेत होतो आणि इकडे एक्सेलमध्ये भरत होतो. आलेखात कामाचे दिवस खड्ड्यात आणि सुट्टीचे दिवस टेकडीवर, इतकं स्पष्ट चित्र आलं. तो कागद घेऊन आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि पहिल्यांदाच कुणीतरी मामूंना विचारलं, "चाचा, तुम्ही नेमकं काय मिसळता? आणि हात दाखवा बघू."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सोपं नव्हतं. हे काम सोडावं लागेल. अशा दम्यात त्रास सुरू झाल्यावर माणूस जितक्या लवकर त्या रसायनापासून दूर जातो, तितकी बरं होण्याची आशा जास्त. उशीर झाला की काम सोडूनही दमा उरतो. मामूंना उशीर झाला होता. आज ते एका सीट कव्हरच्या दुकानात बसतात. कमाई निम्म्यावर आली आहे. पंप खिशात असतो, पण रात्री बहुतेक झोप लागते. बावीस वर्षांची कारागिरी, डोळ्यांनी रंगाची छटा जुळवणारी ती नजर, आता कामाची नाही. हे मी भरून देऊ शकत नाही. माझ्या पगारातूनही नाही.

मात्र त्यांच्या जुन्या गॅरेजातला छोटू सोळा वर्षांचा आहे. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली आहे, छाती अजून स्वच्छ आहे. मामू दर जुम्ब्याला नमाजनंतर तिथे जातात आणि मोज्यांचा डबा संपला का ते बघतात. मालक आधी कुरकुरला, आता स्वतः मागवतो. तुमच्याही गल्लीत असं एखादं गॅरेज असेल, फर्निचरचं पॉलिश करणारा असेल, सलूनमध्ये उघड्या हाताने ब्लीच पावडर कालवणारा असेल. त्या पावडरमधलं परसल्फेटही कातडीला आणि श्वासाला, दोन्हीला ॲलर्जी देतं. येत्या रविवारी तिथे जा. डब्यावरची बारीक अक्षरं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. पण त्याआधी त्याला सलाम करा आणि त्याचे हात बघा.